कायदा गेला, नोंदवही राहिली

गुन्ह्याची नोंद पुसून टाकण्याचा प्रश्न निघाला की आपल्याकडे चर्चा एकट्या माणसाभोवती फिरते. तरुणपणी हातून काही घडले, शिक्षा भोगून झाली, आता नोकरीच्या अर्जात तो जुना खटला आडवा का यावा, असा तो प्रश्न असतो. पण या देशात गुन्हेगारीची नोंद एकट्यादुकट्याची नव्हे, तर अख्ख्या जातीजमातींची होती, आणि ती पुसण्याचा कायदेशीर प्रयत्नही झालेला आहे. मुंबई प्रांतात हा प्रयत्न १९४९ साली झाला, देशभर १९५२ साली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षे सोळा दिवसांनी. भटक्या-विमुक्तांच्या चळवळीत हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. लाखो माणसांच्या नावावरचा शिक्का एका कायद्याने उतरवला, म्हणून या घटनेचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. पण शिक्का उतरला तो गॅझेटातून. पोलीस ठाण्याच्या कपाटातल्या कागदांचे काय करायचे, हे त्या कायद्याने सांगितलेच नाही, आणि पुढच्या सत्तर वर्षांतल्या बऱ्याच यातना या एका मौनातून आल्या आहेत, असे मला दाखवायचे आहे.

त्यासाठी मूळ कायदा काय होता हे नीट पाहावे लागते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबात लागू झाला, १८७६ मध्ये बंगालात गेला. त्याच्या समर्थनार्थ जे युक्तिवाद झाले त्यांचा गाभा असा की हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, त्याच न्यायाने चोराचा मुलगा चोर होणार. जातिव्यवस्थेचे हे अर्धवट ज्ञान कायद्याच्या पायात घातले गेले. प्रांतिक सरकारने एखाद्या टोळीला किंवा जमातीला गुन्हेगार म्हणून गॅझेटात जाहीर केले की विषय संपला. त्या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देण्याची सोय कायद्यानेच बंद केली होती. मग दंडाधिकाऱ्याने त्या जमातीतल्या माणसांची नोंदवही करायची. नोंद झालेल्याने ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, हद्द सोडताना पास घ्यायचा, मुक्काम बदलला तर कळवायचे. यातले काही चुकले की शिक्षा. गुन्ह्याच्या नोंदीचा एरवीचा क्रम इथे सरळ उलटा झाला होता, आणि माझ्या म्हणण्याच्या दृष्टीने ही या कायद्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. एरवी आधी गुन्हा घडतो, मग खटला, मग शिक्षा, आणि तिची नोंद. इथे आधी नोंद झाली, आणि नोंद झाली म्हणूनच काही कृत्ये गुन्हा ठरली. पोटासाठी शेजारच्या तालुक्याच्या बाजारात जाणे हा शेतकऱ्यासाठी व्यवहार होता, नोंदवहीतल्या कैकाड्यासाठी तोच अपराध.

हे लोक आले कुठून, याचे उत्तरही एकोणिसाव्या शतकात आहे. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेत. मिठावरचा सरकारी ताबा आणि पाठोपाठ आलेली रेल्वे यांनी तो धंदा बसवला. पारध्यांची शिकार आणि रानातली ये-जा वनकायद्यांनी अडवली. रामोशी आणि बेरड हे गावांचे, किल्ल्यांचे राखणदार. राज्य बदलले आणि त्यांची वतने, त्यांचे हक्क डळमळीत झाले. ज्यांना जमीन नाही, कायमचा पत्ता नाही, ज्यांच्याकडून शेतसारा वसूल होत नाही अशा माणसांकडे नव्या राज्यव्यवस्थेने संशयाने पाहिले. यांच्यापैकी काही जण चोऱ्या करत होते का? होते. ते नाकारण्याचे कारण नाही आणि माझा युक्तिवाद कोणाच्या निष्पापपणावर उभाही नाही. चोरी करणाऱ्याला पकडून शिक्षा द्यायला १८६० चे दंडविधान होतेच. नवा कायदा आला तो न पकडलेल्यांसाठी.

मुंबई आणि मद्रास इलाख्यांत हा कायदा खऱ्या अर्थाने आला तो १९११ च्या नव्या रूपात. १९२४ मध्ये त्याची पुन्हा एकत्रित मांडणी झाली. मुंबई इलाख्यात त्याचे दृश्य रूप म्हणजे सेटलमेंट. विजापूर, हुबळी, गदग, बारामती, अंबरनाथ आणि सगळ्यांत ठळक सोलापूर. ओ. एच. बी. स्टार्ट हे सनदी अधिकारी इलाख्यातल्या सेटलमेंटांचे प्रमुख होते आणि ते सुधारणावादी म्हणून ओळखले जात. सोलापुरात तारांच्या कुंपणामागे कुटुंबे ठेवली आणि काम करू शकणाऱ्यांना गिरण्यांत पाठवले. गिरणीला हुकमी मजूर मिळाला आणि सरकारला सुधारणेचा अहवाल. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून शाळांत ठेवण्याचा अधिकारही कायद्यात होता. वारसाने येणारी गुन्हेगारी तोडायची तर मूलच तोडले पाहिजे, असे ते तर्कशास्त्र. शिक्षांचे गणितही इतरांहून निराळे होते. नोंदलेल्या जमातीतल्या माणसाला ठरावीक गुन्ह्यांसाठी दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेपेचे काळे पाणी. त्याच गुन्ह्यासाठी शेजारच्या गल्लीतला माणूस काही महिन्यांत सुटून येई. चार-पाच दशकांत या यंत्राने हजेऱ्यांच्या वह्या, बोटांचे ठसे, शिक्षापत्रके, पासांची स्थळप्रत असा प्रचंड कागद तयार केला. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची पहिली सरकारी कचेरी १८९७ साली कलकत्त्यात उघडली, हा योगायोग नाही. फिरत्या माणसाला कागदावर स्थिर करणे ही त्या राज्याची मोठी गरज होती.

कायद्याविरुद्धचा सूर १९३० च्या दशकात चढला. जवाहरलाल नेहरूंनी १९३६ साली त्यावर जाहीर टीका केली. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आल्यावर मुंबई सरकारने गृहमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल १९३९ मध्ये आला, आणि त्याच वर्षी युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पुढचे पाऊल पडायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. इथे एक तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे आणि गौरवाच्या भाषणांत तो सहसा येत नाही. मुंबईने जुना कायदा रद्द केला १९४९ मध्ये. पण त्याच्या आधीच, १९४७ साली, सराईत गुन्हेगारांवर निर्बंध घालणारा कायदा प्रांताने करून ठेवला होता. मद्रासनेही असेच केले. केंद्राने नेमलेल्या अनंतशयनम अय्यंगार समितीने १९४९-५० मध्ये जुना कायदा रद्द करावा असे सुचवले, आणि त्याच अहवालात सराईत गुन्हेगारांसाठी देशभर एक कायदा असावा असेही सुचवले. १९५२ चा रद्द करणारा कायदा अवघ्या काही ओळींचा आहे. त्यात जुन्या कायद्यांची नावे आहेत आणि ते रद्द झाले असे विधान आहे. नोंदवह्या जाळाव्यात, मोहोरबंद कराव्यात, अभिलेखागारात द्याव्यात, यातले एकही वाक्य त्यात नाही. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा नवा कायदा केला आणि त्यात पुन्हा नोंदवही आली, ठसे आले, छायाचित्रे आली, राहण्याच्या जागेची माहिती देण्याचे बंधन आले, सुधार-वसाहतीही आल्या.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा घेतला जातो की दोन्ही कायदे सारखे नाहीतच. जुना जन्मावर चालत होता, नवा कृत्यावर. सराईत गुन्हेगार कोण याची या कायद्यांतली साधारण व्याख्या अशी की सलग पाच वर्षांच्या काळात तीन वेळा ठरावीक गुन्ह्यांसाठी कैदेची शिक्षा झालेला माणूस. त्यात जातीचा उल्लेख नाही, नोंदीला मुदत आहे, ज्याची नोंद करायची त्याचे म्हणणे ऐकायची तरतूद आहे. कागदावर हा फरक खरा आहे आणि मोठा आहे. तो केवळ देखावा होता असे म्हणणे त्या वेळच्या कायदेकर्त्यांवर अन्याय ठरेल. मोरारजी देसाईंसारखे गृहमंत्री आणि अय्यंगारांसारखे संसदपटू जन्माधारित गुन्हेगारीचे तत्त्व मनापासून नाकारत होते. पण तीन शिक्षांची मोजणी कोणत्या कपाटातून होणार होती? ज्यांच्यावर चाळीस वर्षे दररोज पाळत होती त्यांच्या शिक्षा मोजायला सोप्या, कारण त्या सगळ्या लिहिलेल्या होत्या, आणि ज्यांच्यावर पाळत नव्हती त्यांच्या चोऱ्या उघडकीस येण्याचीच शक्यता कमी. पाळत जास्त तिथे पकडले जाणे जास्त, पकडले जाणे जास्त तिथे शिक्षा जास्त, आणि शिक्षा जास्त म्हणून पुन्हा पाळत. विहिरीच्या रहाटासारखे हे चक्र फिरत राहते. व्याख्येतून जात काढली तरी जिथून माहिती यायची ते कागद जातीनेच भरलेले होते. कृत्यावर चालणारा कायदा निष्पक्ष ठेवायचा असता, तर आधीच्या कायद्याने जमवलेली माहिती नव्या कायद्यासाठी निरुपयोगी ठरवणारे कलम लागले असते. ते घातले गेले नाही.

शिवाय नोंदवही हा पोलिसांचा एकमेव कागद कधीच नव्हता. ठाण्यात हिस्ट्रीशीट असते, संशयितांची यादी असते, गावभेटीच्या वह्या असतात. त्या कायद्याने नव्हे, पोलीस नियमावल्यांनी चालतात, आणि विधिमंडळाने रद्द केलेला कायदा नियमावलीतून आपोआप जात नाही. भारतीय दंडविधानाचे ४०१ वे कलम चोरीसाठी एकत्र आलेल्या 'भटक्या किंवा इतर' टोळीचे सदस्य असण्याला शिक्षा सांगत होते. तो भटक्या शब्द स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके कायद्यात होता. तुरुंगांच्या नियमावल्यांत तर हे अवशेष उघडे पडले होते. काही राज्यांत विमुक्त जमातीतल्या कैद्याला सराईत मानता येईल अशी तरतूद होती, म्हणजे १९५२ ने जे काढले ते तुरुंगाच्या दारात परत मिळत होते. मुंबईतल्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जमशेद पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या पीठाने तुरुंगांतली जातवार कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला, आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगारीशी जोडणारे उल्लेख बाद केले. त्याच वर्षी मे महिन्यात, दिल्लीतल्या एका प्रकरणात, मागास समाजांतल्या निरपराध माणसांच्या नावाने यांत्रिकपणे हिस्ट्रीशीट उघडू नयेत, असे न्यायालयाने बजावले होते आणि इतर राज्यांनाही त्याचा विचार करायला सांगितले होते. रद्द झाल्यानंतर बहात्तर वर्षांनी न्यायालयाला हे सांगावे लागते, यातच पहिला प्रयत्न किती अपुरा होता ते दिसते.

मधल्या काळात या कागदांनी काय केले त्याचे एक उदाहरण पुरेसे आहे. १९९८ च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर हा खेडिया सबर समाजातला तरुण पोलीस कोठडीत मारला गेला. महाश्वेता देवींनी हे प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयापर्यंत नेले. त्यातूनच महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटनेची उभारणी केली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० साली सराईत गुन्हेगार कायदे रद्द करावेत अशी शिफारस केली, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७ मध्ये तेच सांगितले, आणि बाळकृष्ण रेणके व भिकूजी इदाते यांच्या आयोगांनी विमुक्तांच्या स्थितीचा देशव्यापी आढावा घेतला. महाराष्ट्रात पारधी वस्तीवर चोरीच्या तपासासाठी पडणारा पोलिसांचा छापा ही बातमी अजून बातमी वाटत नाही.

दुसरा आक्षेप पोलिसांच्या बाजूने येतो आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. तपासाला स्मरण लागते. ज्याच्या घरी दरोडा पडला त्या माणसालाही कायद्याचे संरक्षण हवे, आणि पूर्वी पकडलेल्या दरोडेखोरांची माहिती नसेल तर पोलीस आंधळे होतात. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते: हे स्मरण अमर्याद असले पाहिजे असे आपल्याच कायद्याने कधी मानलेले नाही. १९२० च्या कैदी ओळख कायद्यात, म्हणजे ब्रिटिशांच्या काळात, खटला न चालता सुटलेल्या किंवा निर्दोष ठरलेल्या माणसाचे ठसे आणि छायाचित्रे, त्याला पूर्वी शिक्षा झालेली नसेल तर, नष्ट करावीत असे कलम होते. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने ठरवले की चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटू नये. २०१५ चा बालन्याय कायदा आणखी पुढे जातो: मुलाच्या अपराधाची नोंद अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करायची, अपवाद फक्त सोळा वर्षांवरील मुलांच्या अतिगंभीर गुन्ह्यांचा. म्हणजे नोंद नष्ट करणे म्हणजे काय, कधी, कोणी, कोणत्या अपवादांसह, हे लिहिण्याची विधिकौशल्ये आपल्याकडे आहेत. जिथे इच्छा होती तिथे ती वापरली गेली. गंमत अशी की २०२२ च्या नव्या ओळख कायद्याने राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाला ही मोजमापे पंचाहत्तर वर्षे जपण्याची मुभा दिली आहे. निर्दोष सुटलेल्यांच्या नोंदी काढण्याची तरतूद त्यात आहे, पण दंडाधिकाऱ्याला कारण लिहून ती थांबवता येते. पंचाहत्तर वर्षे म्हणजे आजोबांचे ठसे नातवाच्या लग्नापर्यंत.

तिसरा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि नोंदी सरसकट जाळा असे म्हणणाऱ्यांनी त्याचे उत्तर दिले पाहिजे. महाराष्ट्रात बेरड, बेस्तर, भामटा, कैकाडी, कंजारभाट, कटाबू, बंजारा, पाल पारधी, राज पारधी, राजपूत भामटा, रामोशी, वडार, वाघरी आणि छप्परबंद अशा चौदा जमाती विमुक्त जातींच्या यादीत आहेत आणि त्यांना तीन टक्के आरक्षण आहे. ते घ्यायचे तर जातीचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून राज्यात वास्तव्य असल्याचा पुरावा हवा. ज्यांच्याकडे सातबारा नाही, ज्यांचे आजोबा शाळेत गेले नाहीत, त्यांचे नाव १९६१ पूर्वीच्या कोणत्या सरकारी कागदावर सापडेल? सेटलमेंटच्या वहीत, हजेरीच्या पानावर, न्यायालयाच्या शिक्षापत्रकात. ज्या कागदाने पणजोबाला गुन्हेगार ठरवले तोच कागद पणतीच्या कॉलेज प्रवेशासाठी पडताळणी समितीपुढे ठेवावा लागावा, हे क्रूर आहे. जिल्ह्याची हद्दही इथे माणसाची ओळख बदलते: कैकाडी विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोजले जातात, उरलेल्या राज्यात विमुक्तांत, फासे पारधी अनुसूचित जमातीत आहेत आणि पाल पारधी विमुक्तांत. तेव्हा कागद नाहीसा झाला तर हक्कही नाहीसा होतो, ही भीती खोटी नाही. तिच्या जोडीला इतिहासाचा दावाही येतो. या वह्या जळाल्या तर राज्याने काय केले याचा पुरावाही जळतो, आणि तसे झालेले सरकारला आवडेल.

पण नीट पाहिले तर हा आक्षेप नोंद पुसण्याच्या विरोधात जात नाही, ती कोणाच्या हातात असावी एवढेच तो विचारतो. पोलीस ठाण्यातली वही आणि पुराभिलेखागारातली वही यांतला मजकूर एक असला तरी त्यांचा उपयोग निराळा आहे. पहिली हवालदाराच्या हातात असते, रात्री छापा घालायचा की नाही हे ठरवते. दुसरी संशोधकाला आणि वंशजाला मिळते, आणि तिच्या आधाराने कोणाला अटक करता येत नाही. राज्याला हे वेगळे काढता आले असते, आजही येईल. सेटलमेंटांची आणि गुन्हेगार जमाती कायद्याखालची सगळी कागदपत्रे ठाण्यांतून, तुरुंगांतून आणि जिल्हा कार्यालयांतून काढून पुराभिलेख विभागाकडे द्यायची. वंशजाने मागितल्यावर वास्तव्याचा आणि जमातीचा दाखला त्यांवरून द्यायचा, गुन्ह्याचा मजकूर वगळून. आणि चारित्र्य पडताळणीत, हिस्ट्रीशीट उघडताना किंवा तडीपारीच्या प्रस्तावात त्यांचा आधार घ्यायला मनाई करायची. मनाई मोडली तर त्या अधिकाऱ्यावर कारवाई, हेही लिहिलेले हवे, कारण परिणाम नसलेली मनाई नियमावलीच्या तळटीपेत मरते.

हे दिल्लीने करायचे काम नाही. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे घटनेने राज्यांकडे दिलेले विषय आहेत. सराईत गुन्हेगारांचे कायदे राज्यांनी केले, पोलीस आणि तुरुंग नियमावल्या राज्यांच्या आहेत, १९४९ चा निर्णयही प्रांताचाच होता आणि तो केंद्राच्या तीन वर्षे आधीचा होता. न्यायालयाने २०२४ मध्ये नियमावल्यांतले शब्द काढायला सांगितले. शब्द काढण्यापलीकडचे काम, म्हणजे कागद हलवणे आणि त्याच्या वापराला बंदी घालणे, विधिमंडळाखेरीज कोणी करू शकत नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सराईत गुन्हेगारांच्या १९५९ च्या कायद्याचा प्रश्न हाती घ्यावा, आणि तो मोडीत काढताना या वेळी नोंदवह्यांचे काय करायचे हे कलम सगळ्यांत आधी लिहावे.